देवघरात पोरं: गणपतीला गावी येणाऱ्या लेकुरवाळ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. मुंबई, ठाणे, पुण्याहून जावा, नणंदा, भाचेसुना विचारतात ते प्रश्न फिरून फिरून तेच. पोरगं आरतीत हसलं तर काय, सुपारी गिळली तर काय, तिखटाच्या, म्हणजे गौरीच्या मांसाहारी नैवेद्याच्या, दिवशी बाप्पाला काय सांगायचं. म्हणून यंदा लिहूनच काढलं. मी मालवण तालुक्यातल्या एका मोठ्या घराची थोरली सून, बारा महिने इथेच असते आणि चवथीला घर भरलं की सगळ्या पोरांची काकी होते. उत्तरं आमच्या घरच्या रीतीची आहेत. तुमच्या गावची रीत वेगळी असेल तर घरच्या म्हाताऱ्यांना विचारा, मला नको.

आमचा मुलगा म्हणतो, बाप्पा शाळेत जातो. त्याला खरं काय ते सांगू का?

खरं तेच तर तो सांगतोय. आपल्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला गणपतीची शाळाच म्हणतात. आपला पाट आधीच शाळेत नेऊन द्यायचा, त्यावर मूर्ती घडते आणि चतुर्थीला किंवा आदल्या दिवशी डोक्यावरून घरी आणायची. आमच्या एका भाच्याने या सगळ्याचा पक्का हिशेब मांडला होता. बाप्पा शाळेत असतो, पाटावर बसतो, आणि सगळे म्हणतात 'चवथीक येतलो', म्हणजे तो चौथीत आहे. स्वतः पहिलीत असल्यामुळे त्याला बाप्पाचा फार आदर वाटायचा. दुसऱ्या वर्षी आला तेव्हा मात्र चेहरा पडलेला. 'मी दुसरीत गेलो. बाप्पा अजून चौथीतच?'

सासरे झोपाळ्यावर होते. पान तोंडात धरून म्हणाले, "अभ्यास कोण करता रे! मोदक खाईत रवता, नि परत चवथीतच बसता."

जमलं तर पोरांना एकदा शाळेत घेऊन जा. शाडूचा वास, ओल्या मातीचे हात आणि अजून डोळे न आखलेले गणपती ओळीने मांडलेले असतात. तिथे 'इतके बाप्पा? मग खरा कुठला?' हा प्रश्न येणारच. आमच्याकडे पाटाच्या खालच्या अंगाला खडूने घराण्याचं नाव लिहिलेलं असतं, ते दाखवलं की पोरांचं समाधान होतं. फक्त त्यानंतर ती कुणाच्याही घरी दर्शनाला गेली की आधी वाकून पाटाखाली बघतात. यजमानांना आधीच सांगून ठेवा.

बाप्पाचा वाढदिवस दरवर्षी वेगळ्या तारखेला का? मुलीला पटत नाही.

मुलीला चंद्र दाखवा आणि सरळ हिशेब सांगा. आपले महिने चंद्राच्या चालीने जातात. असे बारा महिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात, म्हणजे सूर्याच्या वर्षाला अकरा-एक दिवस कमी पडतात. ते साठत जातात, मग ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून मेळ बसवतात. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, त्यामुळे ती थेट १४ सप्टेंबरला. रजेचा अर्ज करताना हे मोठ्यांच्याही लक्षात राहत नाही, पोरांचं काय घेऊन बसलात.

आरतीच्या वेळी मूल एका जागी उभं राहत नाही. लोक बघतात.

बघू देत. आमच्याकडे आरत्या काही एका दमात संपत नाहीत. एक संपली की कुणीतरी मागून दुसरी उचलतो, मग तिसरी, आणि तान लागलेला काका शेवटची ओळ तीनदा घोळतो. एवढा वेळ मोठी माणसंसुद्धा एका पायावरून दुसऱ्या पायावर येतात. पोराच्या हातात झांज द्या. झांज नसेल तर ताटली-चमचा. ताल चुकतो, पण पोर जागेवर राहतं.

एक इशारा मात्र देते. शेवटी 'घालीन लोटांगण' सुरू झालं की आपण सगळे उभ्या उभ्या स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि लोटांगण घातलं असं समजतो. चार वर्षांची पोरं असं काही समजत नाहीत. आमच्याकडे एका पुतण्याने शब्द कानावर पडताच जमिनीवर अंग टाकलं आणि लोळत लोळत थेट गौरीच्या रांगोळीतून पलीकडे गेला. अर्धी रांगोळी सदऱ्यावर आली. त्याची आई ओरडणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब गो. सगळ्यांत एकच माणूस म्हणता तसा करता हा, नि त्याका मारतलंस?" तेव्हापासून रांगोळी भिंतीकडेला घालतो.

आरतीचे शब्द चुकीचे म्हणतात. सुधारावेत का?

कुणाचे? तुमचे की पोरांचे? 'फणिवरबंधना' म्हणणारं घर मला क्वचितच भेटलंय, सगळे 'फळीवर वंदना' म्हणतात आणि फळीवर बाप्पा बसलेलाच असतो म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आधी आपलं नीट करा, पोरांचं आपोआप होईल.

माटवीला टांगलेली फळं मुलं ओढतात. त्यातलं काय खाल्लेलं चालतं?

काहीच नाही. निदान विसर्जन होईपर्यंत नाही. गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या चौकटीत आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचं शिपटं, काकडी, तेरडा, हरणं, कांगणी असं रानातलं-परड्यातलं बरंच काही असतं. पोरांचा डोळा असतो तो कवंडळावर. लालभडक, गोल, चेंडूसारखं गोंडस दिसतं, पण ते कडूजहर आणि पोटात जायच्या लायकीचं नाही. ते उंच बांधा. काकडी खाली बांधा, ओढायची असेल तर काकडी ओढू दे.

कापराबद्दल एवढं का बजावता?

कारण कापराची वडी आणि खडीसाखर यातला फरक दोन वर्षांच्या पोराला कळत नाही, आणि गणपतीच्या दिवसांत दोन्ही एकाच तबकात असतात. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला थोड्याच वेळात झटके येऊ शकतात, आणि त्याला फार कापूर लागत नाही. डबी वरच्या फळीवर, झाकण घट्ट, आणि आरती झाली की लगेच परत वर. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय नकोत, उलटी काढायची खटपट नको, डबीसकट दवाखाना गाठा. गावातून तालुक्याच्या ठिकाणी जायला सणात गाडी मिळणं कठीण, म्हणून कुणाची रिक्षा दारात उभी असते ते आल्याबरोबर बघून ठेवा.

याच जोडीला आणखी एक. वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठाला पंचामृत लावू नका. त्यात मध असतो, आणि मध त्या वयात चालत नाही. सासूबाईंनी आग्रह केला तर बाळाच्या कपाळाला बोट लावा, देवाला पोचतं.

देव नैवेद्य खातो तर तो कमी का होत नाही?

हा प्रश्न प्रत्येक घरात, प्रत्येक पिढीत, साधारण वयाच्या चौथ्या वर्षी येतो. 'देव वासाने जेवतो' हे आमच्या घरचं जुनं उत्तर. ते चांगलं आहे, पण त्यात एक खोच आहे. आमच्या नणंदेच्या मुलीने ते ऐकलं आणि रात्री ताटावर बसून वांग्याच्या भाजीचा लांब श्वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, 'झालं माझं.'

माझं मत विचाराल तर सरळ सांगावं, की आपण जे करतो ते आधी त्याच्यासमोर ठेवतो आणि मग सगळे मिळून खातो. पोरांना एवढं पुरतं. त्यांना खरी अडचण देवाच्या जेवणाची नसते, गरम उकडीचे मोदक समोर असून आरती संपेपर्यंत थांबायची असते. म्हणून मी पहिल्या घाण्यातले बिघडलेले, कळ्या न पडलेले मोदक बाजूला काढते आणि ते स्वयंपाकघरातच पोरांना देते. नैवेद्याला सुबक मोदक, पोरांना फुटके. यात कुणाचाच अपमान नाही.

पूजेतली सुपारी सापडत नाही.

आधी पोराच्या खिशात बघा, मग खेळण्यातल्या ट्रकमध्ये. पूजेला मूर्तीच्या आधी सुपारीचा गणपती मांडतात. भटजी त्या सुपारीला 'हा गणपती' म्हणाले, की पोराच्या दृष्टीने तो हातात मावणारा, सोबत नेता येणारा गणपती होतो. आमच्याकडे तो एकदा गोठ्यात वासराला दाखवायला नेला होता. तीन वर्षांच्या आतलं पोर असेल तर घशात अडकायची भीती खरी आहे, तेव्हा मोठी सुपारी घ्या आणि पूजा झाल्यावर मोजून उचला.

तिखटाच्या दिवशी बाप्पाला वास येत नाही का?

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण दरवर्षी इथेच गाडी अडते.

गौरीला तिखटाचा नैवेद्य कोकणातल्या काही घरांत आहे, आमच्याही आहे. वडे, सागोती, वर कोथिंबीर. बाप्पा मात्र शाकाहारी. मग काही घरांत दोघांच्या मध्ये पडदा धरतात, त्या बाजूला गौर माहेरपणाचं जेवते, या बाजूला बाप्पाला गोडाधोडाचं. मोठ्यांना यात काही विचित्र वाटत नाही. नवरा-बायकोचं, माय-लेकाचं असं वेगवेगळं ताट घरोघरी असतंच.

पोरं पडद्याजवळ थांबतात आणि तपासणी करतात. पडद्याला खालून फट आहे. वास पडद्यातून जातो, हे सकाळी स्वयंपाकघरात वाटण भाजताना सिद्ध झालेलंच असतं. आणि ज्याला एवढी मोठी सोंड आहे त्याला वास येणार नाही, हे कोण मानेल? दोन वर्षांमागे दिराच्या धाकट्याने स्वतःच तोड काढली. नैवेद्य दाखवायच्या आधी आजोबांचा धुतलेला रुमाल घेऊन मखरावर चढला आणि सोंडेच्या टोकाला हलक्या हाताने गुंडाळला. आम्ही स्वयंपाकघरातून ताट घेऊन बाहेर आलो तो बाप्पा सर्दी झाल्यासारखे बसलेले. जाऊ घाबरली, मूर्ती मातीची, सोंडेला धक्का लागला असता तर? सासरे पुढे गेले, हात जोडून नमस्कार केला आणि रुमाल तसाच ठेवून पलीकडे गौरीच्या पाया पडले. जेवणं होईपर्यंत रुमाल होता. मग त्या पोरानेच काढला आणि सोंडेला विचारलं, 'आता बरं वाटतं?'

तेव्हा उत्तर द्यायची घाई करू नका. पोर स्वतः काहीतरी उपाय काढतं, आणि तो बऱ्याचदा आपल्या पडद्यापेक्षा चांगला असतो.

आमच्या शेजारी खड्याची गौर आणतात. मुलीला पाठवू का?

पाठवा, पण नियम आधी समजावा. पाणवठ्यावरून खडे आणताना बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. शेजाऱ्यांच्या सहा वर्षांच्या नातीने हा नियम असा पाळला की वाटेत तिने हातवारे सुरू केले, गाल फुगवले, पाय आवळले. मागच्या बायकांना वाटलं वाटेत जनावर आहे, सगळ्या गप्प राहून एकमेकींना ढकलत बांधावर चढल्या. पोरीला फक्त शू लागली होती. घराच्या उंबऱ्यात खडे उतरले आणि मगच तिचा आवाज निघाला, तोही पळत पळत.

वार कसे समजावायचे? मूल शाळेत भलतंच सांगून आलं.

आपल्या किनाऱ्यावरचं पोर वार शिकतं ते ताटावरून. बाईंनी वर्गात विचारलं तर आमच्या पुतणीने घडाघडा म्हणून दाखवलं: सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार बांगड्याचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार सुंगटांचा, शनिवार मारुतीचा, रविवार सुरमईचा. बाईही आपल्याच बाजूच्या. म्हणाल्या, "अगदी बरोबर, पण बुधवारी तारलीपण चालते."

श्रावणात मात्र पोरांची पंचाईत होते. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि मासळी नुकती यायला लागते तोवर श्रावण दारात. 'देवाला मासे आवडत नाहीत का?' असं विचारलं तर 'हो' म्हणू नका. नारळी पौर्णिमेला त्याच दर्याला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटणारी माणसं आपल्याच गावात आहेत, पोरं ते बघतात. 'महिनाभर आपण थांबतो' एवढं म्हणा. आमच्या घरी श्रावणात सर्वांत रागावलेलं असतं ते मांजर, आणि त्याला कुणी काही समजावू शकलेलं नाही.

उपवास करायचा हट्ट धरते. करू द्यावा का?

साबुदाण्याची खिचडी हवी आहे तिला. द्या खिचडी आणि भाकरीही द्या. एकादशी दुप्पट खाशी, हे उगाच म्हणत नाहीत.

चतुर्थीला चंद्र बघितला तर चोरीचा आळ येतो म्हणे. मूल घाबरलंय.

भाद्रपदात कोकणात ढगांनी चंद्र झाकलेलाच असतो, निम्मं काम पाऊस करतो. उंदरावरून पडलेल्या गणपतीला चंद्र हसला ही गोष्ट सांगा, पोरांना पडण्याचा भाग फार आवडतो. फक्त ती डोळे मिटून अंगणात फिरणार नाहीत हे बघा. तुळशीवृंदावनाच्या पायरीवर दरवर्षी कुणाचं तरी गुडघ्याचं कातडं जातं. आणि संकष्टीला आई चंद्राची वाट बघत उपाशी बसते, मग या चतुर्थीला तोच चंद्र वाईट कसा, असं विचारलं तर सांगा: ती वद्य चतुर्थी, ही शुद्ध. पोराला कळणार नाही, पण उत्तर मिळाल्याचं समाधान होईल. आम्हीही त्यावरच वाढलो.

'देव बघतोय' म्हटलं की मूल लगेच गप्प बसतं. म्हणावं का?

नाही. इथे मी हटून आहे, सासूबाईंशीही वाद घालते. देवाला घरचा हवालदार केलात की पोरं हवालदाराशी वागतात तसंच त्याच्याशी वागतात. आमच्या घरी एका पाहुण्या मुलाला कुणीतरी असंच सांगितलं होतं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर तो उठला, देवघरावर आजीचा पंचा टाकला, लाडवाचा डबा उघडला आणि दोन घेतले. मग थोडा विचार करून एक लाडू पंच्याच्या आत सरकवला. म्हणजे झाकूनही बघितलं असेल तर तोंड बंद राहावं! सहा वर्षांच्या पोराला लाच कशी द्यायची ते आपण शिकवलं, तेही देवघरात.

लाडू घेऊ नको म्हणायचं तर लाडू घेऊ नको म्हणा. देवाचं नाव मध्ये कशाला?

इथून गेल्यावर मुलं घरी गाऱ्हाणी घालतात. शेजारी विचारतात हे काय?

अभिमानाने सांगा की हे गाऱ्हाणं आहे. आपल्याकडे सणाला, जत्रेला, शिमग्याला कुणीतरी जाणता माणूस देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. एरवी मालवणी बोलायला लाजणारी मुंबईची पोरं गाऱ्हाणं मात्र अस्सल घालतात. गेल्या वर्षी माजघरात ऐकलेलं लिहिते. घालणारा आठ वर्षांचा, मागे उतरत्या उंचीने उभी चार भावंडं:

"बा देवा म्हाराजा!"
"होय म्हाराजा!"
"आज जी काय लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंका मोबाईल गावांदे रे म्हाराजा!"
"होय म्हाराजा!"
"काकीच्या हातसून काय चूकभूल झाली आसात, अळवाची भाजी केली आसात, ती पदरात घे नि आमका मॅगी दी रे म्हाराजा!"
"होय म्हाराजा!"

सर्वांत धाकटी अडीच वर्षांची. तिला 'म्हाराजा' जमत नव्हतं, ती प्रत्येक वेळी फक्त 'होय' म्हणून उडी मारत होती. ऋषिपंचमीची भाजी होती ती, अळू-भेंडी-भोपळ्याची, बैलाच्या कष्टाचं काही नसलेली. मॅगी मिळाली नाही. देवाने ऐकलं असतं तरी मी नसतं ऐकलं.

कौलाचंही तसंच. देवळात गुरव देवाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या-पाकळ्या, लावतात, प्रश्न विचारतात आणि उजवीकडचा पडला तर होकार समजतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती देवीचा कौल घेऊन ठरते, हे पोरांनी ऐकलेलं असतं. मग पुण्याच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवरच्या चुंबकाच्या गणपतीला तगरीच्या ओल्या पाकळ्या चिकटतात आणि 'उद्या शाळेला दांडी मारू का?' असं विचारलं जातं. भाचेसुनेने फोनवर तक्रार केली, की डावी पाकळी पडली तर पोरगा मानायला तयार नाही. त्याचं म्हणणं, आईने दूध काढायला फ्रिजचं दार उघडलं, तेव्हा पडलेला कौल धरायचा नसतो. मला विचाराल तर मुद्दा बरोबर आहे.

देवळात मूल मूर्तीला घाबरतं.

जागा बदलून बघा. आरवलीला, वेंगुर्ला तालुक्यात, वेतोबाला नवसाच्या केवढ्या तरी मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. रात्री तो गाव राखत फिरतो आणि चालून चालून चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. मूर्ती उंच, मिशा मोठ्या, पोरांनी रडायला हवं. पण चपला दाखवल्या की ती रडत नाहीत, आपल्या पायाशी माप घेतात. तिथून आल्यावर आमच्या भाचीने रात्री उंबऱ्यात आपले गुलाबी क्रॉक्स काढून ठेवले. पावसात चामडं खराब होतं, वेतोबाला घालू दे म्हणाली. सकाळी क्रॉक्स ओले होते, वळचणीच्या पाण्याने. ती दिवसभर कुणाशी बोलली नाही, एवढी खूश होती.

दशावताराच्या नाटकालाही नेलंत तरी हरकत नाही, पण रंगपटात नेऊ नका. तिथे लुगडं नेसलेली देवी पाय पसरून बिडी ओढत असते, आणि त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

विसर्जनाला मूल फार रडतं. घरीच ठेवावं का?

न्या. न नेलेली पोरं जास्त रडतात, कारण ती परत आल्यावर रिकामं मखर बघतात. शाडू पाण्यात विरघळतो, माती मातीत जाते, हे डोळ्यांनी बघितलेलं बरं. येताना पाटावर व्हाळातली किंवा किनाऱ्यावरची थोडी वाळू आणतात, तो पाट पोराच्या हाती द्या. हाताला काम असलं की रडणं निम्मं होतं. भाद्रपदातला समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात फक्त मोठे पुरुष उतरतील आणि प्रत्येक पोराचा हात कुणाच्या तरी हातात असेल, हे निघण्याआधीच ठरवा. ढोल सुरू झाल्यावर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.

'गणपती गेले गावाला' ही घोषणा मात्र इथे जपून द्या. मुंबईत ठीक आहे. इथे एका पोराने रडणं थांबवून विचारलं, "आपण गावातच आहोत ना? मग बाप्पा कुठे गेला?" कुणीतरी म्हणालं, मुंबईला. तर ते आणखी मोठ्याने रडायला लागलं, की हायवेला ट्रॅफिकमध्ये अडकेल.

पितृपक्षात थांबणार आहोत. कावळ्याचं कसं सांगायचं?

जेवढं विचारतील तेवढंच. चुलत सासऱ्यांच्या म्हाळाला पान वाढून ठेवलं होतं, कावळा माडावर बसलेला, खाली येईना. मोठी माणसं पुटपुटत होती, काय इच्छा राहिली असेल. त्यांचा नातू पुढे गेला आणि पानावरची खिरीची वाटी उचलून बाजूला ठेवली. "आजोबांना शुगर आहे, आजी ओरडते म्हणून येत नाहीत." चुलतसासू पदरात तोंड घालून हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही. कावळा आला, वडा घेऊन गेला. आता तो पोरगा पुण्याला शाळेच्या बसमधून कुठलाही कावळा दिसला की 'आजोबा' म्हणून हात करतो. त्याची आई मला विचारते, थांबवू का. मी सांगितलं, डब्यातली पोळी टाकत नाही ना, मग राहू दे.

बाप्पासाठी मुलीने चॉकलेट आणलंय. नैवेद्याला चालेल?

चालेल. वेष्टन काढून वाटीत ठेवा आणि वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा, आमच्याकडे मुंग्या फार.